मदत हवी आहे: नवख्या वेटरला गर्दीसाठी तयार कसं करायचं?

नाशिकला गंगापूर रोडला आमचं ६० सीटचं व्हेज रेस्टॉरंट आहे. सर्व्हिसला नऊ मुलं, वर एक कॅप्टन. शनिवार-रविवार रात्री ८ ते १० वेटिंग असतं आणि नेमक्या तेव्हाच ऑर्डरी चुकतात. सात नंबर टेबलची थाळी अकरा नंबरला गेली तर माफी मागून निभतं. पण जैन ऑर्डरमध्ये कांदा गेला की फार लागतं, तो समोरच्याच्या श्रद्धेचा प्रश्न असतो.

नवीन मुलगा आठवडाभर जुन्याच्या हाताखाली ठेवून पाहिला. गर्दीत जुन्याला त्याच्याकडे बघायला वेळच नसतो. भिंतीवर सूचना लावल्या, पण निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. कॅप्टनचं फोस्टॅक (FSSAI चं प्रशिक्षण) झालंय, त्यात अन्नसुरक्षा शिकवतात, ऑर्डर घेणं नाही. पगार वेळेवर, राहायची सोय आहे, मुलं टिकतात.

दुपारी साडेतीन ते साडेपाच मोकळे असतात. बाहेरचा ट्रेनर परवडणार नाही. २०२७ च्या सिंहस्थाआधी घडी बसवायचीच आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: त्या दोन तासांत मुलांकडून रोज नेमकं काय करून घेता, आणि आता याला एकट्याला टेबलं द्यायला हरकत नाही हे कशावरून ठरवता?