सडपातळ अंगकाठी, तरीही मधुमेह : डॉ. याज्ञिकांचे संशोधन काय सांगते?

कडेपठार :
माझे वय ४१, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६५ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) साडेबावीस. कॉलेजात मला 'काडी पैलवान' म्हणत आणि आजही नातेवाईक भेटले की "जरा खात जा" असेच सांगतात. असे असताना वार्षिक तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.९, म्हणजे मधुमेहाच्या टप्प्यात निघाले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तोच आकडा दिला. घरच्यांच्या मते हे चहातल्या दोन चमचे साखरेचे फळ आहे. डॉक्टरांनी मात्र माझ्या पोटाकडे बोट दाखवून पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे नाव घेतले. पण बाहेर रुग्णांची रांग असल्याने बोलणे तिथेच राहिले. त्यांच्या कामाविषयी कोणी नीट सांगू शकेल का?

अश्मक :
आपला बीएमआय वाचून गंमत वाटली, कारण २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र छापले, तेव्हा दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के भरली. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठणे, अशी मिस्कील कबुलीही त्या लेखात आहे. तरीही सगळा दोष व्यायामाच्या अभावावर न टाकता, याज्ञिकांचे जन्माचे वजन कमी होते याकडेही लेखाने लक्ष वेधले.

हा धागा त्यांना सापडला होता तो पुणे परिसरातील सहा खेड्यांत. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवली आणि नवजात बाळांची मापे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, म्हणजे आपली बाळे सगळ्याच मापांत उणी असणार, हे उघड होते. दंडाचा घेर आणि पोटाचा घेर खरोखरच बराच कमी भरला. पण खांद्याच्या फऱ्याखालची त्वचेची घडी चिमट्यासारख्या कॅलिपरने मोजली तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी राखून ठेवलेली, अशा या बाळांना त्यांनी 'थिन-फॅट' म्हटले. रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू, आणि तेच कमी पडले की वजनकाटा काहीही म्हणो, इन्सुलिनवरचा ताण वाढतो.

रानजाई :
म्हणजे शेवटी खापर पुन्हा आईवरच फुटले म्हणायचे! शिवाय गर्भारपणात देतात त्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या घातक असतात असेही याच संशोधनाच्या नावाने फिरत असते.

अश्मक :
दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. त्या खेड्यांतल्या स्त्रियांचे गर्भारपणाआधीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते आणि दिवस भरेपर्यंत त्यांतल्या कित्येकींची शेतातली कामे सुटत नव्हती. त्यांना दोष देणे सोडाच, त्यांच्या ताटात काय पडत नव्हते हेच या अभ्यासाने दाखवले. ज्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. राहिला फोलिक ॲसिडचा प्रश्न. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि ज्यांचे फोलेट (फोलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचे गोळीतले रूप) चढे पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. म्हणून तर पुढे त्याच कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन चाचणी सुरू झाली. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी फोलिक ॲसिड लागतेच, त्यामुळे गर्भवतीने ते परस्पर बंद करू नये.

तळेगावचा_वाटसरू :
मूळ प्रश्नकर्त्यांनी कंबर मोजली आहे का? भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. टेप पँटच्या पट्ट्यावर न लावता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध लावावी. तसेच मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी सुरू होणार असेल तर आधी बी-१२ तपासून घ्यावे, कारण या गोळीने त्याचे शोषण कमी होऊ शकते. मला ते चार वर्षांनी, तळपायाला मुंग्या येऊ लागल्यावर कळले.

कडेपठार :
सर्वांचे मनापासून आभार. शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजले. पट्ट्याच्या जागी ८५ आणि आपण सांगितलेल्या जागी ९२. इतकी वर्षे पँट पोटाखाली सरकत गेली आणि ३२ नंबर कायम राहिला म्हणून मी निश्चिंत होतो. बी-१२ ची तपासणी उद्या सकाळी आहे. आकडा आला की इथेच लिहितो.