मदत हवी आहे: हंटसारखे प्लम रंगवताना खालचा पांढरा सुटतो
विल्यम हेन्री हंट (१७९०–१८६४) या इंग्रज चित्रकाराची फळं टेबलावर नाही, तर शेवाळलेल्या बांधावर, गवतापाल्यात पडलेली दिसतात. प्लमवरचा तो पांढरट, मेणचट थर बघून बोट फिरवावंसं वाटतं, इतका खरा! हंट आधी चायनीज व्हाइटमध्ये (जस्तापासून बनलेला पांढरा जलरंग) डिंक मिसळून थर द्यायचा, तो कडक वाळला की वर शुद्ध रंगाचे छोटे छोटे फटकारे. मीही तेच करतेय, पण ओला ब्रश टेकला की खालचा पांढरा सुटतो आणि जांभळा रंग दुधाळ होतो. तीन कागद वाया गेले. शेवाळ मात्र छान जमलंय. डिंक किती घालू? किती दिवस वाळवू? जलरंगात पांढऱ्या थरावर काम केलेल्यांनी प्लीज सांगा.