मदत हवी आहे: नॅरोबोट रखडली, पुढचा हप्ता द्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं बर्मिंगहॅमजवळ राहतो. निवृत्तीनंतर कालव्यावरच राहायचं ठरवून ५७ फुटी नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट, चिंचोळी बोट) एका यार्डाला, म्हणजे बोटी बांधणाऱ्या कारखान्याला, बांधायला दिली. (एवढ्या लांबीची बोट इथल्या जवळपास सगळ्या कालव्यांत फिरते. रुंदी मात्र ६ फूट १० इंचच, कारण अरुंद कालव्यांवरची जुनी लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे) साधारण ७ फूट रुंदीची.)

पोलादी कवच तयार आहे: तळ १० मिलिमीटर जाडीचा, बाजू ६, छत ४. पण आतलं लाकूडकाम, वायरिंग, काहीच सुरू नाही. बोट मार्चमध्ये मिळणार होती. आता ऑक्टोबर उजाडला. दर वेळी कारण नवं, कधी वेल्डर नाही, कधी इंजिन आलेलं नाही. घराचा भाडेकरार डिसेंबरात संपतोय आणि हिची तर झोपच उडाली आहे.

आता यार्डवाले चौथा हप्ता मागतायत. यार्ड बुडालं तर कवच आमचं ठरेल का, हीच खरी धास्ती. जेवढे पैसे दिले तेवढ्या कामाची मालकी आमची, असं कलम करारात नाही. ते आता लिहून घेता येईल का? स्वतंत्र सर्व्हेअरकडून (बोटींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून) काम तपासून मगच कोणी पैसे दिलेत का? अर्धवट बोट उचलून दुसऱ्या यार्डात पूर्ण करून घेतली असेल, तर कृपा करून सविस्तर सांगा. हप्त्याची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे.