'थिसल फीडर'ला मराठीत काय म्हणावे?

जळगाव: अमेरिकेत थव्याने येणाऱ्या गोल्डफिंच या छोट्या दाणे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी दाण्याची नळी कशी निवडावी, या माहितीपत्रकाचा अनुवाद चालू आहे. 'थिसल फीडर'शी अडलो. पहिल्या खर्ड्यात 'उंटकटारा-चारापात्र' केले, त्यातल्या दोन्ही शब्दांवर आक्षेप आले. दुसरे काही सुचवा.

चाळीसगाव: उंटकटारा आधी काढा. इंग्रजीत 'थिसल' म्हणजे उंटकटाऱ्यासारखे काटेरी झुडूप, पण इथे ते नुसते बाजारातले नाव. नळीत भरतात ते कारळे, आपल्या चटणीचे. तिकडे आयात होणारे कारळे १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवून घ्यावे लागते, म्हणजे त्यातून आलेले अमरवेलीसारख्या तणांचे बी रुजत नाही. सरळ 'कारळे-नळी' म्हणा.

धुळे: कारळे का? खुरासणी म्हणा. खुरासाणातून आली म्हणून खुरासणी.

पारोळा: ही व्युत्पत्ती पटत नाही. पीक मूळ इथिओपियाचे, शास्त्रीय नावातच 'ॲबिसिनिका' आहे, ॲबिसिनिया म्हणजे इथिओपियाच. शिवाय खुरासानी ओवा ही वेगळी आणि विषारी वनस्पती. छापील पत्रकात असा घोटाळा नको. कारळे लिहा, शेजारी एकदा खुरासणी द्या.

अमळनेर: 'चारापात्र' वाचले की गव्हाण डोळ्यांपुढे येते. चारा म्हणजे कडबा, गवत. पाखराला दाणा. म्हणून 'दाणापात्र'.

धुळे: चोच दिली तो चाराही देतो, ही म्हण मग गुरांची का? पाखरे चाऱ्याला जातात, पिलांना चारा भरवतात. शब्द जुना आहे, तो मोडीत काढू नका.

शिरपूर: पाभरीला चाडे असते. वर बी घालायचे, खाली नळ्यांतून निघायचे. घरचा शब्द असताना 'पात्र' कशाला?

चाळीसगाव: शब्द गोड, पण काम नेमके उलटे. चाड्यातून बी गळावे लागते, इथे गळता कामा नये. मिश्र दाण्याच्या नळीला मोठी गोल भोके असतात. तीत कारळे भरले की वाऱ्याने नळी हलते आणि दाणा भुईवर. कारळ्याला अरुंद फटच हवी. पत्रकात 'भोक' आणि 'फट' एकच समजू नका, निवड त्यावरच ठरते. खाली काळी टरफले दिसली तर मात्र ती सांडलेला माल नव्हे. पक्षी दाणा सोलून खातो.

पारोळा: 'सॉक'चे काय केले? बारीक जाळीची थैली असते, थवा सगळ्या बाजूंनी लटकून खातो. 'मोजा' वाचून कोणी पायातला मोजा टांगेल.

अमळनेर: 'जाळीथैली'. पण पावसात ती आरपार भिजते, हेही लिहा. ओले कारळे गठ्ठा होऊन बुरशी धरते, जुने खवट होते. मग पक्षी फिरकत नाहीत आणि लोक दोष नळीला देतात. आठवड्यात संपेल इतकेच भरावे. नळीच्या बुडाला पाणी निथळायची भोके असावीत. दोन आठवड्यांनी रिकामी करून १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी यांनी धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच भरावी. थव्यात रोग झपाट्याने पसरतो. २०२१ साली अमेरिकेत पाइन सिस्किन या गोल्डफिंचच्या जवळच्या पक्ष्यांमध्ये साल्मोनेला जंतूंचा रोग पसरला, तेव्हा फीडर काही काळ उतरवून ठेवा असे लोकांना सांगावे लागले होते.

शिरपूर: हे खानदेशात वाचले जाणार. फिंचऐवजी 'मनोली' घाला.

पारोळा: घालू नका. मनोली म्हणजे मुनिया, तिचे कूळ वेगळे. चांदीच्या चोचीची मुनिया गवताचे बी टिपते, बरेचदा भुईवरच. तिला बाजरी, राळा उथळ परळात, जमिनीलगत. कारळ्याची नळी तिच्यासाठी घेऊ नये. तशी तळटीप द्या, पण नाव बदलू नका.

धुळे: मुनिया हिंदी, मनोली मराठी. मग मनोलीच का नको?

चाळीसगाव: त्याआधी एक राहिले. गोल्डफिंच उलटा लटकून खातो, म्हणून काही नळ्यांत फट पक्षी बसतो त्या दांडीच्या खाली असते. हाउस फिंच आणि चिमण्यांना ते जड जाते, दाणा गोल्डफिंचला उरतो. हिला 'उलटी नळी' म्हणू नका, वाचणारा नळीच उलटी टांगेल.