‘सस्तन’ म्हणता, मग सड कुठं? प्लॅटिपसवरून निघालेली शब्दचर्चा

प्रश्न (शिक्षिका, भंडारा जिल्हा): दहावीला ‘जोडणारे दुवे’, म्हणजे दोन प्राणीगटांची लक्षणं एकत्र दिसणारे प्राणी, शिकवताना प्लॅटिपस आला. हा ऑस्ट्रेलियातला, बदकासारख्या चोचीचा केसाळ प्राणी. एक पोट्टा म्हणाला, “मॅडम, अंडी देते त अंडज झाला, मंग सस्तन काहून म्हणता?” ज्याच्या घरी म्हशी आहेत त्यानं विचारलं, “त्याले सड किती?” मला नीट सांगता आलं नाही. ‘सस्तन’ हा शब्दच चुकीचा आहे का?

उत्तर (वर्धा): मॅडम, तुमच्या पोरांनी नेमकी जागा पकडली. अंडज (अंड्यातून जन्मणारा) आणि जरायुज (आईच्या पोटातून थेट पिल्लू म्हणून जन्मणारा) हे शब्द जन्म कसा झाला ते सांगतात. सस्तन हा शब्द पिल्लू कशावर वाढतं ते सांगतो. म्हणजे या दोन शब्दांचं भांडणच नाही. वटवाघूळ उडतं म्हणून आपल्याकडे त्याला पाखरू म्हणतात, पण ते पिल्लाला दूध पाजतं. तिथंही घोळ असाच होतो.

आता सडाचं. प्लॅटिपसच्या मादीला सड नसतात, कासही नसते. दुग्धग्रंथी असतात आणि दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं. पिल्लं ते तिथूनच पितात. म्हणून काटेकोर अर्थ घेतला तर ‘सस्तन’ इथं थोडा तोकडा पडतो. मला ‘दूध पाजणारा प्राणी’ हे जास्त खरं वाटतं. ‘पान्हा’ शब्द तर या मादीला चपखल बसतो.

उत्तर (यवतमाळ): ‘चोच’ या शब्दावरही बोला. चोच म्हटली की कोंबडीची टणक चोच डोळ्यांपुढं येते. याची तशी नाही, मऊ कातड्याची आहे. पाण्यात तो डोळे, कान, नाकपुड्या मिटून घेतो. या चोचीवरच्या सुमारे 40,000 संवेदकांनी किड्या-झिंग्यांच्या हालचालीतली वीज ओळखतो. मी तरी ‘चपटं तोंड’ म्हणेन.

शिक्षिका: आणि ‘दुवा’? पोरं म्हणतात, बदक आणि पाणमांजराचा संकर झाला.

उत्तर (वर्धा): नाही, संकर मुळीच नाही. बदकाशी त्याचं जवळचं नातंच नाही. फार जुन्या काळी सस्तनांची एक फांदी वेगळी झाली. अंडी देण्याची जुनी रीत तिनं सोडली नाही. त्या फांदीवर आज प्लॅटिपस आणि काटेरी एकिडना एवढेच उरले. ‘जोडणारा’ म्हटल्यानं दोन प्राणी सांधल्यासारखं वाटतं, हा शब्दाचा दोष. 1799 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्यालाही कुणी तुकडे शिवून फसवलं असेल अशी शंका आली होती. प्लॅटिपसचा ग्रीक अर्थ नुसता ‘चपट्या पायाचा’. ते नाव आधीच एका भुंगेऱ्याला दिलेलं निघालं, म्हणून शास्त्रात दुसरं घ्यावं लागलं.

उत्तर (यवतमाळ): ‘विषारी’सुद्धा जपून वापरा. विष नराच्या मागच्या पायाच्या काट्यात असतं, दातात नाही. मोठ्या प्लॅटिपसला दातच नसतात.

शिक्षिका: उद्या सडवाल्या पोट्ट्याला आधी उत्तर देते. त्याचा अजून एक प्रश्न आहे, याच्या बाळाला काय म्हणायचं?

उत्तर (वर्धा): पिल्लू. कोंबडीचंही पिल्लूच आणि मांजरीचंही पिल्लूच.