फायबरच्या बंपरला मागून जाळी: कोणता गोंद उन्हात टिकेल?

आर्वीकर
जुन्या जीपला फायबरचा बंपर आहे. मधलं तोंड 900 बाय 150 मि.मी. त्यात मागून अॅल्युमिनियमची एक्सपांडेड जाळी (पत्रा चिरून, ताणून केलेली) लावायची आहे, भोक 6 मि.मी. जिनिंगकडच्या रस्त्यावर रुई उडते आणि रेडिएटरच्या पत्त्यांत जाऊन बसते, म्हणून हा खटाटोप. दोन ट्यूबचं इपॉक्सी लावलं होतं. चार दिवस धरलं, मग उन्हात कोपऱ्यातून सुटत गेलं. गोंदाची पट्टी जाळीला चिकटून अख्खी निघाली, फायबरवर काही राहिलं नाही. समोरून स्क्रू दिसायला नको. काय वापरू?

फायबरपॅच, अकोला
भाऊ, आधी ती निघालेली पट्टी उलटी करून पाहा. फायबरकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर गोंद फायबरला धरलाच नाही. बंपरच्या आतल्या बाजूला शेवटचा रेझिनचा हात देतात, त्यात बरेचदा मेण असतं. हवा लागून वरचा थर चिकट राहू नये म्हणून ते घालतात. ते मेण वर तरंगून येते आणि त्यावर कोणताही गोंद म्हणजे तेलावर स्टिकर.

दुसरं कारण ऊन. साध्या तापमानाला सुकणारी बहुतेक इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 45 असते, मग काळा बंपर 70 ला सहज जातो.

पीयू (पॉलियुरेथेन गोंद) घ्या, मोटारीची काच बसवतात तेच. सुकल्यावर रबरासारखं राहते, हादरे खाते, 80-90 अंशांपर्यंत हलत नाही. तोंडाच्या चारही बाजूंनी जाळी 25 मि.मी. जास्त ठेवून कापा. ती 25 ची पट्टी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चमक पूर्ण जाऊन पांढुरकी दिसेपर्यंत. धूळ झाडून अॅसिटोनचा स्वच्छ फडका एकदाच, एकाच दिशेने फिरवा. पेट्रोल किंवा डिझेलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरलं तर पूर्ण उडून जाऊ द्या, कारण ओलं राहिलेलं अल्कोहोल पीयूला सुकू देत नाही. जाळीच्या कडाही तारेच्या ब्रशने खरवडा. ट्यूबवर प्रायमर सांगितला असेल तर तो टाळू नका.

आता मुख्य गोष्ट. जाळी फायबरला टेकते ती फक्त तारांच्या उंचवट्यांवर, म्हणून खालून चिकटण्यावर भरवसा ठेवू नका. गोंदाची 8 मि.मी. जाड वळी घाला, जाळी दाबा, गोंद भोकांतून वर येऊन पसरला पाहिजे. ती टोपी जाळीला धरून ठेवते. पण पार दाबून टाकू नका, खाली 2 मि.मी. थर राहू द्या. त्यासाठी 2 मि.मी. जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे मध्ये मध्ये ठेवा. मग मास्किंग टेप मारून बंपर आतली बाजू वर करून ठेवा. 310 मि.ली.च्या नळीत 8 मि.मी.ची वळी साधारण 6 मीटर निघते. तुमचा घेर 2.1 मीटर, म्हणजे एका नळीत दोन फेऱ्या होऊन उरते.

आंबट वासाचं सिलिकॉन मात्र घेऊ नका. धातूला खाते, आणि पुढे बंपर रंगवायचा झाला तर त्या जागी रंग फाटून बारीक खड्डे पडतात.

नटबोल्ट, यवतमाळ
वरचं सगळं बरोबर आहे, पण जाळीच कायमची चिकटवायची काहून? रुई फक्त रेडिएटरला नाही, जाळीलाही लागते. हंगामात जाळी समोरून झाडली तर अर्धी रुई आत जाते, खोलूनच साफ करावी लागते.

चिकटवायचे ते बोल्ट. एम5 चा 20 मि.मी. बोल्ट घ्या आणि त्याचं डोकं भोकं पाडलेल्या, 30 मि.मी. रुंद पत्र्यावर वेल्ड करा. वर चार, खाली चार पुरेत. घासलेल्या जागेवर पत्रा ठेवून त्यावर 450 च्या मॅटचे (काचतंतूंची चटई, चौरस मीटरला 450 ग्रॅम) रेझिनमध्ये भिजवलेले दोन थर, पत्र्याच्या भोकांतून रेझिन आरपार गेलं पाहिजे. दोन्ही थर एकदम मारू नका. पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसते, आणि बंपर पातळ असेल तर समोरच्या रंगावर पत्र्याचा ठसा उमटतो. एक थर थंड होऊ द्या, मग दुसरा. जाळीवर 20 मि.मी.ची अॅल्युमिनियम पट्टी, त्यावर नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारा). नटाखाली नायलॉन वॉशर टाका, नाही तर लोखंड-अॅल्युमिनियमच्या जोडात पावसाळ्यात पांढरी पूड धरते.

100 ग्रॅम रेझिनला हार्डनर 1 ते 1.5 ग्रॅम, या उन्हात 1 च, आणि काम सकाळी सातच्या आत. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये ढवळून घ्या, हार्डनर शेवटी. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र केले तर पेट घेतात.

आर्वीकर
पट्टीची खालची बाजू खरंच काचेसारखी गुळगुळीत आहे. बोल्टचं पटलं. पण वेल्डिंग टाळून तेच पत्रे पीयूने बसवले तर चालतील का? आणि या कोरड्या हवेत पीयू सुकायला किती दिवस?

फायबरपॅच, अकोला
पीयूने चालते, पण डोकं पत्र्याला पक्कं हवं, नाही तर नट आवळताना बोल्ट गोल फिरतो. वेल्डिंग नको तर चौकोनी मानेचा बोल्ट घ्या आणि पत्र्याला चौकोनी भोक पाडा.

पीयू हवेतल्या ओलाव्यावर सुकते. 23 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेला दिवसाला साधारण 3 मि.मी. मेमध्ये दुपारची आर्द्रता फार खाली जाते, त्यामुळे वेळ लागतो. वर साय धरली की आजूबाजूला पाण्याचा हलका फवारा मारा, ओल्या गोंदावर नाही. पत्र्याखाली हवा कडेनेच पोचते, म्हणून तिथे भोकं जास्त ठेवा आणि तीन-चार दिवस नट आवळू नका.