तापानंतर डोकं चालेना : आपापले अनुभव लिहा

मे २०२१ मध्ये मला कोरोना झाला. ऑक्सिजन ९५च्या खाली गेला नाही, घरीच बरी झाले. पण पुढचे आठ महिने शब्दच सापडायचे नाहीत. चाळणी हातात धरून मी लेकीला म्हणायचे, "ते, पीठ गाळायचं." चाळणी हा शब्द येतच नसे. सगळे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. ते टेन्शन नव्हतं. कोरोना असो, डेंगी असो की चिकुनगुन्या, ज्यांना असं झालं त्यांनी लिहा. मी परभणीची.

लातूर. मोंढ्यात आडतीवर वीस वर्षं हिशोब लिहायलोय. हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या मालाच्या पैशाची पट्टी अशी झरझर व्हायची. आजारातून उठलो अन् सोयाबीनच्या सीझनला १७ कट्ट्यांची एक पट्टी तीनदा केली, तिन्ही वेळेस आकडा वेगळा. शेतकरी समोर उभा. तो काही बोलला नाही, मोबाइल काढून स्वतःच हिशोब करायला लागला. ते मला लई लागलं. घरी सांगितलं नाही. मालकाला वाटायचं माझं कामात ध्यान नाही. वर्षभर प्रत्येक बेरीज दुसऱ्याकडून तपासून घेतली. आता बरंय, पण मोठी पट्टी आली की अजून छातीत धडधडतं.

हिंगोली. मला चिकुनगुन्या. सांध्यांचं सगळ्यांनी विचारलं, डोक्याचं कुणीच नाही. दुपारनंतर वाचलेली ओळ कळायची नाही. जास्त रेटलं की दुसरा दिवस अंथरुणात. अवघड कामं सकाळीच उरकायची अन् थकायच्या आधी थांबायचं, हे धरल्यावर जरा जमायला लागलं.

अंबाजोगाई. मी डॉक्टर आहे, म्हणून थोडं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या या त्रासाची व्याख्या केली. लागण होऊन साधारण तीन महिने झाले, लक्षणं किमान दोन महिने टिकली आणि दुसरं कारण सापडत नाही, असा तो त्रास. थकवा आणि धाप यांच्यासोबत विचार-स्मरणातली अडचणही त्यात आहे. ब्रिटनमध्ये ७८५ लोकांच्या मेंदूचे दोन-दोन स्कॅन तुलना करून पाहिले. त्यांतल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोरोना होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्य. त्यांच्यात वासाशी आणि आठवणींशी संबंधित भागांत बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त झीज दिसली. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ही सरासरी आहे, त्यावरून स्वतःचं भाकीत करू नका. आणि नेहमीचा एमआरआय नॉर्मल आला म्हणजे तुम्ही ढोंग करता, असंही नाही. 'दुसरं कारण सापडत नाही' हे मात्र तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या. आपल्याकडं शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं, आणि ते भरून काढता येतं. झोप आणि उदासीही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

धाराशिव. वासाचं वाचलं म्हणून लिहायला बसले. सासूबाईंचा येसर, म्हणजे आमटीचा भाजलेला मसाला, आमच्या गल्लीत नावाजलेला. आजारानंतर पहिल्यांदा करायला बसल्या. धने झाले, हरभऱ्याची डाळ झाली, बाजरी भाजून झाली, आणि त्यांनी तीच बाजरी परत कढईत घेतली. धूर झाला तरी हलवतच होत्या. वास गेला होता अन् मघाशी काय केलं तेही. मी गॅस बंद केला तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता मी कशाच्या कामाची गं?" त्या दिवशी आम्ही दोघीही जेवलो नाही.

मग मी दोन परड्या आणल्या. भाजलेलं डावीकडं, भाजायचं उजवीकडं. औषधाच्या डबीवर वार लिहिले. त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं नाही, फक्त जवळ बसायचे. दोन वर्षं गेली अशी.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या एकट्याच बसल्या. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून हाक आली, "अगं ये लवकर, धने करपायलेत. वास यायलाय."